ताऱ्याचं सुतक

समस्त भाऊबंद, सोयरेधायरे आणि पंचक्रोशीतील सुज्ञ नागरिक यांस कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमचे दूरचे स्नेही, आकाशनिवासी, अत्यंत तेजस्वी असे एक तारे यांचे काही कोटी वर्षांपूर्वी अल्पशा स्फोटाने निधन झाले. कळविण्यास किंचित उशीर झाला, त्याबद्दल क्षमस्व. रस्ता खराब नव्हता, पण लांब होता. त्यांच्या पश्चात पुष्कळसा धूर, थोडे लोखंड आणि कु. शुभांगी असा परिवार आहे. तरी सर्वांनी आपापल्या अंगणातूनच दुःख व्यक्त करावे, ही नम्र विनंती.

हा मजकूर मी एका हिवाळ्यात, शाळेच्या मधल्या सुट्टीत, अत्यंत गंभीर चेहऱ्यानं आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला होता. हेतू शुद्ध होता: भाचीला हसवायचं. परिणाम काय झाला ते पुढं येईलच. सध्या एवढंच सांगतो की त्या मजकुरापायी ऐंशीच्या घरातल्या एका माणसानं भर थंडीत विहिरीवर कपड्यांसकट अंघोळ केली.

आता पुन्हा तेच दिवस आलेत. मार्गशीर्ष सरत आलाय. तुरीच्या शेंगा वाळून वाऱ्यावर खुळखुळायला लागल्यात. हरभऱ्याच्या रानातून सकाळी चालत गेलं की धोतराचा म्हणा, पँटचा म्हणा, घोट्यापर्यंतचा भाग दवानं भिजतो आणि मग त्यावर पानांवरची आंब चढते, तोंडात न घालताही आंबट लागते. आणि असा आंबटपणा हवेत आला की झरीहून माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, फोन येतोच.

"येळवशीला येयलास ना? का औंदा मास्तरकी आडवी येयली?"

"आक्का, सुट्टी हाय गं."

"सुट्टी नसली तरी ये. उंडे केल्यावर म्हनू नको सांगितलं न्हाई."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. ज्यांच्याकडं ती नसते त्यांच्याबद्दल मला मनापासून कीव वाटते. त्या दिवशी आमच्याकडं गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. बाजारात चिटपाखरू नसतं, बँकेत साहेब एकटाच टेबलावर बोटं वाजवत बसतो, आणि तिकडं रानात प्रत्येक बांधावर चुली. कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभी करायची, आत पाच पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, पूजा करायची, आंबील रानाच्या चारी कडांनी शिंपडायची आणि मग जेवायला बसायचं ते उठवेपर्यंत. बाजरीचे वाफवलेले गोळे, म्हणजे उंडे असतात, आणि भज्जी नावाचा एक पदार्थ असतो. त्यात काय काय असतं यापेक्षा काय नसतं हे सांगणं सोपं. ओली तूर, वाटाणा, हरभरा, वाल, गाजर, मेथी, पातीचा कांदा, रानात जे जे हिरवं सापडेल ते सगळं एका भांड्यात. मराठवाड्याची लोकशाही मला कुठं दिसली असेल तर त्या भांड्यात. वाटेनं जाणारा अनोळखी माणूससुद्धा हाताला धरून बसवला जातो. "जेवलोय" म्हणालात तर "मंग पुन्ना जेवा" असा साधा तोडगा असतो.

पण माझं विचाराल तर, या दिवसांची हवा नाकात शिरली की मला भज्जीच्याही आधी एक वेगळाच वास येतो. उन्हात तापलेल्या लॅपटॉपचा.

शुभांगी माझी भाची, आक्काची पोरगी. पुण्याच्या एका संस्थेत ताऱ्यांवर संशोधन करायची. तेही धडधाकट ताऱ्यांवर नाही, फुटलेल्या ताऱ्यांवर. आणि फुटलेल्यांतही जे चारचौघांसारखे रीतसर फुटतात त्यांच्याकडं ती ढुंकून बघायची नाही. तिला हवे असायचे ते भलत्याच तऱ्हेनं फुटलेले, विक्षिप्त. मी तिला म्हणालो होतो, "शुभे, सोयरीक जमवताना लोक शंभर चौकशा करून असली घराणी टाळतात, आणि तू हुडकत जातेस." ती म्हणाली होती, "मामा, साध्या माणसावर कुणी गोष्ट लिहितं का?"

त्या वर्षी ती येळवशीच्या पंधरवडाभर आधीच झरीला आली. गावाला बातमी लागली: आक्काची पोरगी तारे बघणारी आलीय. संध्याकाळी माणसं जमली. पोरंसोरं गच्चीकडं बघायला लागली, दुर्बीण कुठं लावलीय म्हणून. शुभांगीचे आजोबा, म्हणजे आक्काचे सासरे, आप्पा, पुढं खुर्ची टाकून बसले. आप्पा म्हणजे पांढरं धोतर, पांढरी टोपी, पांढऱ्या मिश्या आणि मधोमध तांबूस, तिखट तोंड.

"बाई, दुर्बीण काढ की भाईर."

"दुर्बीण दुसऱ्या देशात हाय आप्पा. डोंगरावर."

"आन् तू हितं?"

"तिथून रेघा येतात. त्या मी हितं वाचते."

तिनं लॅपटॉप उघडून दाखवला. पडद्यावर एक वेडीवाकडी रेघ, चढलेली, उतरलेली, मधेच एखादं टोक भाल्यासारखं वर गेलेलं. मग आक्का म्हणाली, "हे तर आपल्या दवाखान्यात काढतेत तसं हाय. ईशीजी."

"तसंच समज," शुभांगी म्हणाली.

"पर तो मेलाय म्हनलीस ना?"

"हो."

"मंग मेलेल्याचा ईशीजी काढून काय उपेग, माय?"

जमलेली माणसं पांगली. परभणी जिल्ह्यात खगोलशास्त्राच्या प्रसाराला त्या संध्याकाळी बसलेला धक्का मोठा होता. पण शुभांगी माझीच भाची. दुसऱ्या दिवशी ती रानात गेली आणि परत येताना हातात एक सीडी घेऊन आली. आमच्याकडं ज्वारी निसवायला, कणीस धरायला लागली की पाखरांना भिववायला जुन्या सीड्या दोरीनं टांगतात. त्या वाऱ्यावर गिरक्या घेतात, लखलखतात, आणि पाखरं पहिले दोन दिवस खरंच भितात. तिसऱ्या दिवसापासून त्यांच्यावर बसून दाणे खातात. अशी एक सीडी तिनं सोडवून आणली होती. कधीकाळी तिच्यावर कुणाच्या तरी लग्नाचं शूटिंग होतं.

दिवस मावळताना तिनं आप्पांना ओसरीवर बसवलं. आधी तारेचा बल्ब लावला आणि सीडी तिरकी धरली. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंग, एकात एक मिसळलेले, कुठं सांधा नाही. मग बल्ब बंद करून तिनं जुनी, वेटोळी नळी असलेला सीएफएल दिवा लावला. पुन्हा सीडी तिरकी. आणि काय आश्चर्य, रंगांचे तुकडे पडले! इथं हिरवा पट्टा, तिथं तांबडा, मधे काळोख.

"दोन्ही दिवे नुसत्या डोळ्यानं सारखेच दिसतेत का न्हाई? पर आतनं येगळे. कोणता पदार्थ पेटलाय त्यावरनं रंग ठरतात," शुभांगी म्हणाली. "दिवा फोडून बघायची गरज न्हाई. तिथं जायची गरज न्हाई. नुसता उजेड उलगडायचा."

आप्पांनी सीडी स्वतःच्या हातात घेतली. देवघरातल्या समईसमोर धरली. मग मोबाईलसमोर. मग गॅसच्या निळ्या जाळासमोर, आणि आक्कानं "आप्पा, दूध उतू जायलंय" म्हणेपर्यंत तिथून हलले नाहीत.

मी पेशानं इतिहासाचा मास्तर आणि सवयीनं गावोगावच्या कार्यक्रमांचा सूत्रसंचालक. त्यामुळं शुभांगीचं शास्त्र मी माझ्या पद्धतीनं लावून घेतलं. प्रत्येक कार्यक्रमात पुढच्या रांगेतली कुठली खुर्ची कुणाची हे न सांगता ठरलेलं असतं. सोफ्यावर सरपंच, शेजारी चेअरमन, कोपऱ्यात माजी सरपंच तोंड फिरवून. तसं उजेडाच्या त्या रेघेवर हायड्रोजनची जागा ठरलेली, हेलियमची ठरलेली, लोखंडाची ठरलेली. माणूस दिसला नाही तरी खुर्ची बघून कळतं कोण आलंय. शुभांगीच्या ताऱ्याची गंमत अशी की हायड्रोजनची खुर्ची रिकामी होती. विश्वातला सगळ्यात मुबलक पदार्थ, ज्याच्याशिवाय कुठला कार्यक्रम होत नाही, तोच गैरहजर! आणि हेलियमच्या खुर्चीवर मात्र एक बारीक, उंच, ताठ टोक.

त्या टोकावर शुभांगीचं सगळं टांगलेलं होतं.

हे तिनं मला सांगितलं ते पाठीमागच्या अंगणात, तुरीच्या शेंगा सोलता सोलता. तारा फुटतो तेव्हा त्याचा मालमसाला प्रचंड वेगानं दाही दिशांना पळतो. पळत्या वायूची खूण रेघेवर रुंद, पसरट उमटते, पाण्यातून बैल गेल्यावर गढूळ होतं तशी. बारीक टोक म्हणजे न पळणारा, जागेवर निवांत उभा असलेला वायू. शुभांगीचं म्हणणं होतं की तो वायू ताऱ्याचाच आहे, फुटण्याच्या आधीच त्यानं अंगावरून उतरवून भोवती पसरलेला. असे तारे फार थोडे सापडतात. तिच्या प्रबंधाचा मधला खांब तोच.

आणि तिच्या मार्गदर्शक मॅडमना ते मान्य नव्हतं.

मॅडमना मी तोवर फक्त लॅपटॉपवर पाहिलं होतं. आखूड केस, जाड चष्मा आणि इस्त्री केलेलं इंग्रजी. त्यांचं म्हणणं, ते टोक ताऱ्याचं कशावरून? तारा ज्या दीर्घिकेत होता तिथल्या वायूचं असेल. मागचा उजेड पुढं मिसळला असेल. तसं असेल तर तारा साधा, टोक शेजारचं, आणि दोन-अडीच वर्षांचं काम पाण्यात.

"म्हणजे कसं गं?" मी विचारलं.

"मामा, आपल्या घरी लग्न हाय. मांडवात गाणं वाजायलंय. पर शेजारच्या गल्लीतबी सप्ताह हाय, तिथंबी कर्णा लावलाय. आता कानावर पडणारा आवाज आपला का शेजारचा, कसं ओळखायचं?"

"आपल्या माणसाला जाऊन विचारायचं."

"तो मेलाय."

"मंग वाट बघायची. आपलं लग्न उरकलं आणि आवाज तसाच राहिला, तर शेजारचा."

शुभांगीनं हातातली शेंग माझ्याकडं रोखली. "तेच मॅडम म्हणल्यात. तारा विझत चाललाय. तो आणखी विझल्यावर पुन्हा एकदा त्याचा उजेड उलगडून बघायचा. टोक जसंच्या तसं राहिलं, तर शेजारचं. बदललं, तर माझ्या ताऱ्याचं."

"मंग बघ की."

"दुर्बिणीवर पाळी लागलीय. पर तिथं रोज ढग येयलेत. आन् तारा सूर्याच्या कडेला सरकायलाय. थोड्या दिवसांनी सूर्याच्या उजेडात बुडल. मंग महिनोन्महिने दिसणार न्हाई, आन् निघल तव्हा पार विझलेला असल." तिनं शेंग सोलली, दाणे टोपल्यात टाकायच्या ऐवजी सालं टाकली आणि दाणे जमिनीवर. "लय बेजार केलंय मामा ह्यानं."

त्या दिवसांत ती जेवायची नाही धड. ताटावरून उठून घरामागच्या रानातल्या विहिरीकडं जायची, कारण घरात रेंज दोन काड्या आणि विहिरीच्या कठड्यावर चार. सकाळी कठड्यावर, दुपारी कठड्यावर. कोण्या दूरच्या देशातल्या डोंगरावर ढग आहेत का नाहीत, हे झरीच्या एका विहिरीवर बसून बघणारी ती पहिलीच बाई असावी. इकडं आभाळ कसं, धुऊन वाळत घातल्यासारखं निळं. एक ढग नाही. आक्का आभाळाकडं बघून करवादायची, "कामाच्या येळंला ढग येत न्हाईत, आन् नको तिथं जाऊन बसतेत. हे मेले पावसाळ्यातबी आसंच करतेत."

तेव्हाच मी तो निधनाचा मजकूर टाकला. शुभांगी हसली, हे खरं. विहिरीवर एकटीच हसली, आणि पलीकडं गवत कापणाऱ्या बाईनं तिच्याकडं काळजीनं पाहिलं, असं तिनंच नंतर सांगितलं. पण गटावर आप्पांचा मोठा नातूही होता, आणि त्यानं तो मजकूर आप्पांना मोठ्यानं वाचून दाखवला. मी शनिवारी पुन्हा झरीला पोचलो तेव्हा आप्पा वाटच बघत होते.

"मास्तर, बसा. कव्हा गेला म्हनलाव?"

"कोण?"

"तारा."

मी हसलो. आप्पा हसले नाहीत. सुतकाच्या बाबतीत आप्पा म्हणजे गावाचं उच्च न्यायालय. कुणाला दहा दिवस, कुणाला तीन, माहेरचं किती, सासरचं किती, लोक त्यांना विचारूनच देवाला हात लावतात. आणि येळवस तोंडावर. सुतकात पूजा चालत नाही.

"आप्पा, आवं ती गंमत होती," मी म्हणालो.

"मरनाची गंमत आसती व्हय? बाई, तू हिकडं ये." शुभांगी आली. "तो मेला, हे खरं ना?"

"खरं."

"आपलं नातं लागतं का काय?"

आता इथं शुभांगीनं "न्हाई" म्हणायला हवं होतं. पण ती शास्त्रज्ञ, खोटं बोलणार कशी? ती म्हणाली, "तसं बघितलं तर लागतं आप्पा. आपल्या रक्तातलं लोखंड, हाडातला चुना, हे असल्याच ताऱ्यांच्या पोटात शिजलंय. कव्हातरी ते फुटले, ते समदं उधळलं, त्यातूनच ही जमीन झाली, आपून झालो."

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्हंजी मूळपुरुषच म्हना की."

"हा नव्हे आप्पा, ह्याच्यासारखे दुसरे."

"भाऊबंदच की मंग." आप्पांनी डोळे मिटून हिशेब लावला. "पर लय दिस झाले. वरीस उलटून गेल्यावर खबर लागली तर सुतक बसत न्हाई. नुसती आंगूळ. आंगावरल्या कपड्यानिशी. एकदा पानी घेतलं की मोकळं."

आणि ते खरोखर उठले. दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, "आप्पा, थंडी लय हाय" म्हणत मागं धावले. आप्पांनी हातानंच त्यांना थांबवलं. विहिरीवरची मोटार सुरू केली आणि धोतर-सदऱ्यासकट पाइपाच्या धारेखाली उभे राहिले. धार जाड, पाणी पाताळातलं, कोमट. पण वाऱ्यात आल्यावर त्यांच्या अंगातून वाफ निघायला लागली. ऊन कलतं होतं. पाण्याच्या तुषारांत बारीकसं इंद्रधनुष्य उभं राहिलं, आप्पांच्या अगदी खांद्याजवळ. शुभांगी कठड्याशी उभी राहून ते बघत होती. मला वाटलं ती आता हसेल. तिनं नुसता पदरासारखा ओढणीचा काठ तोंडाशी धरला.

परत येताना आप्पा तिच्याजवळ थांबले. "कुठल्या दिशेला हाय तो?"

तिनं मावळतीकडं हात केला. "सूर्याच्या जरा वर. पर डोळ्यानं दिसत न्हाई."

"दिसलं तरच हात जोडायचे आसं थोडंच हाय," असं म्हणत आप्पांनी ओल्या हातांनी तिकडं नमस्कार केला, आणि मग दणकून शिंकले.

मी इतिहास शिकवतो. मेलेल्यांच्या गोष्टी उशिरानं सांगणं हाच माझा धंदा. तरी त्या संध्याकाळपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं की बघणं म्हणजेच उशिरा कळणं. समोरचा सूर्य आठ मिनिटांपूर्वीचा. ओसरीवरून हाक मारणारी आक्का, तीसुद्धा अगदी कणभर आधीची. सगळं जग आपल्यापर्यंत थोडं शिळं होऊन पोचतं, आणि आपण त्याला "आत्ता" म्हणतो. शिळ्या भाकरीचा काला करून चवीनं खाणाऱ्या आमच्यासारख्या लोकांना याचं वाईट वाटायचं खरं तर काही कारण नाही. आजही वर्गात तास चालू असताना खिडकीतून उन्हाची तिरीप फळ्यावर आली की मी मधेच थांबतो. पोरांना वाटतं, सर सनावळी विसरले. मी मनात त्या तिरिपीला विचारत असतो, बाई, तिकडं सगळे बरे आहेत ना?

येळवशीच्या दिवशी सकाळी शुभांगीला बातमी आली. डोंगरावरचे ढग हटले होते, दुर्बिणीनं ताऱ्याचा उजेड धरला होता आणि ती माहिती तिच्या लॅपटॉपमध्ये उतरत होती. मॅडमनी दुपारीच बैठक लावली, आणखी दोन प्राध्यापकांसह. अमावस्या-बिमावस्या त्यांना काय ठाऊक!

"घरीच थांबते मी," शुभांगी म्हणाली.

"घरी रेंज न्हाई, आन् घरी चूलबी न्हाई," आक्का म्हणाली. "रानात चल. तुझ्या मॅडमला बी म्हनाव, या जेवायला."

मग ती वरात निघाली. पुढं आक्का, डोक्यावर आंबिलीचं मडकं. मागं दाजी, उंड्यांची पाटी घेऊन. त्यांच्या मागं त्यांचे धाकटे भाऊ, भज्जीचं पातेलं. आणि त्यामागं मी, विश्वाच्या इतिहासाची बॅग खांद्यावर आणि चार्जरची वायर गळ्यात. खोपीत पाच पांडव चुन्यानं पांढरेफेक करून बसले होते. आप्पांनी पूजा केली. शुभांगीनं विहिरीच्या कठड्याशेजारी पोत्यावर ठाण मांडलं, पडद्यावर ऊन पडू नये म्हणून दाजींनी कडब्याच्या चार पेंढ्या तिच्या मागं उभ्या केल्या. रेघ अजून कच्ची होती, ती साफ करायची होती. आकाशाचा स्वतःचा उजेड वजा करायचा, यंत्राची खोट काढायची. ज्वारी पाखडण्याहून हे काम किचकट. तिची बोटं चालत होती आणि खालचा ओठ दातांत होता. मी शेजारी बसून काही न बोलण्याचं काम करत होतो. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात अवघड काम.

दुपारी पडद्यावर तीन चौकटी उघडल्या. मधल्या चौकटीत मॅडम. त्यांनी इंग्रजीत विचारलं, तुझ्या मागं ते काय आहे? शुभांगी इंग्रजीत म्हणाली, ज्वारी. मॅडम म्हणाल्या, दाखव.

त्यांना रेघ हवी होती, ज्वारी नाही.

शुभांगीनं जुनी रेघ वर लावली, नवी खाली. इथं जेवणाची पंगत बसली होती, पण सगळ्यांचे कान तिकडं. आप्पा मधे बसलेले. उजवीकडं दाजी, डावीकडं धाकटे, दोघंही पन्नाशीच्या पुढचे, जमीन अजून आप्पांच्याच नावावर, आणि युरियाचं पोतं आणायचं तरी आप्पांच्या तोंडाकडं बघणारे. आक्का पळी घेऊन उभी. एक होला बोरीवर घुमत होता, त्यालाही कुणीतरी "शुक्" केलं.

मी पडद्याकडं मान लांब केली. वरच्या रेघेत ते बारीक टोक, भाल्यासारखं. खालच्या रेघेत, त्याच जागी, टोक बसलं होतं. पार बसलं होतं. त्याच्या बुडाशी एक रुंद, बुटका उंचवटा आला होता, गोल, शांत. शेजारचा कर्णा असता तर तसाच वाजत राहिला असता. हा आवाज बदलला होता. धावत सुटलेला स्फोट त्या निवांत वायूला जाऊन भिडला होता आणि त्याला आपल्याबरोबर पळवत घेऊन निघाला होता.

मॅडम पडद्याजवळ सरकल्या. चष्मा काढला, पुसला, घातला. दुसऱ्या चौकटीतल्या प्राध्यापकानं एक शंका काढली. शुभांगीनं उत्तर दिलं. तिसऱ्यानं एक काढली; तिचं उत्तर तर शुभांगीच्या आधी मॅडमनीच दिलं. आणि मग, त्या इस्त्रीच्या इंग्रजीत, पण इस्त्री जराशी मोडून, म्हणाल्या: ते टोक शेजारचं नाही. तुझ्या ताऱ्याचंच आहे. माझं चुकलं होतं. लिहायला बैस.

शुभांगीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी उठून टाळ्या वाजवायला लागलो, एकटाच, कारण बाकीच्यांना इंग्रजीत काय झालं ते कळलंच नव्हतं.

"काय म्हनली ती बाई?" आप्पांनी विचारलं. "शिव्या दिल्या का?"

"न्हाई आप्पा." शुभांगी डोळे पुसत, हसत, पंगतीकडं वळली. माइक चालूच राहिला होता आणि मॅडम चौकटीतून कान देऊन ऐकत होत्या, याचं तिला भान नव्हतं. "मान्य केलं त्यांनी! हा तारा येगळाच हाय. लय मोठा होता, पर फुटायच्या आधीच, शेवट जवळ आला तव्हाच, त्यानं आपल्या अंगावरलं समदं थोडं थोडं करून चहूकडं देऊन टाकलं होतं. जवळ धरून ठेवलंच न्हाई. मंग फुटला."

आप्पांनी आंबिलीचा वाडगा तोंडापर्यंत नेला होता, तो तिथंच थांबला. दाजींनी ताटात बघितलं. धाकट्यांनी आभाळात. आणि आक्का, लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यासमोर जिनं कधी उलटा शब्द काढला नव्हता ती माझी थोरली बहीण, पळी तशीच हवेत धरून, साऱ्या रानाला आणि त्या तीन चौकटींना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "आगं बाई! म्हंजी जायच्या आधीच पोरायच्या वाटण्या करून मोकळा झाला म्हन की! तारा असून कळलं त्याला!"